पंचविसाव्या वर्षी चालेल का?

आमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. उंचीनं तो मला मागे टाकून गेला, आवाज फुटला, ओठावर मिसरूड आलं. मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, म्हणजे दिवसभर याच वयाच्या पोरांत वावरतो. त्यांचं मोठं होणं फळ्याजवळ उभ्या उभ्या दिसतं. गेल्या वर्षी पुढच्या बाकावर बसणारा यंदा मागे सरकतो, केसांना भांगाऐवजी वळण येतं, नाव घेऊन उठवलं की मान खाली जाते. हे त्यांना कुणी शिकवत नाही. एकमेकांकडे बघून, थोरल्या भावाचं ऐकून, थोडं चोरून, थोडं चुकतमाकत ती मोठी होतात. माझ्या घरातल्या मुलाला मात्र मोठं होणंसुद्धा एकेक पायरी करून शिकवावं लागतं.

त्याला स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्याला त्याची संमती मला नीट घेता येत नाही. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, तेवढं पुरे.

निदानाची कहाणी बहुतेक घरांत सारखीच, म्हणून ती थोडक्यात. 2012 साली तो तीन वर्षांचा होता. हाक मारली तर वळायचा नाही, पण दोन खोल्यांपलीकडे बिस्किटाचा पुडा फुटला की धावत यायचा. हवी ती वस्तू बोटानं दाखवायचा नाही. आमचा हात धरून न्यायचा आणि तो हात डब्यावर नेऊन ठेवायचा. आधी कान तपासले, कान उत्तम निघाले. मग नातेवाइकांचे सल्ले सुरू झाले. कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं, कुणी नवस सुचवला, आणि प्रत्येकाच्या घराण्यात पाच वर्षांपर्यंत न बोललेला एकेक काका निघाला. शेवटी पुण्याच्या एका बालविकासतज्ज्ञ बाईंनी त्याला तासभर खेळताना पाहिलं आणि आम्हाला खुर्च्यांवर बसवून नाव सांगितलं.

त्या काळात आम्हाला गाठणाऱ्यांत एक खर्चिक प्रस्तावही होता. मुलाच्याच शरीरातल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, काढायच्या आणि पुन्हा त्यालाच टोचायच्या. रक्कम लाखांत. माहितीपत्रक गुळगुळीत कागदाचं, त्यावर हसऱ्या मुलांचे फोटो. आमच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की याला पुरावा नाही. पुढे 2017 साली मूळ पेशींबाबत देशाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांतही स्वमग्नतेसाठी हा मान्य उपचार नाही. तरी नव्यानं निदान झालेले पालक भेटतात तेव्हा तिसऱ्या-चौथ्या प्रश्नात ही सुई येतेच. मी त्यांना एकच सांगतो: ते पैसे ठेवून द्या, मुलगा अठराचा झाला की लागतील.

दुसरा त्रास बोलण्याचा. बाळंतपणानंतर लगेच नोकरीवर गेलात का, घरात माणसं कमी होती का, टीव्ही फार दाखवलात का. हे प्रश्न माझ्या बायकोला विचारले गेले, मला एकदाही नाही. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं हा समज अमेरिकेत एके काळी वैद्यकशास्त्र म्हणूनच मिरवत होता. 1964 साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं पुस्तक लिहून त्याला जोराचा धक्का दिला, आणि तो स्वतः अशाच मुलाचा बाप होता. त्याला आता साठ वर्षं होऊन गेली. समज तिकडून निघाला आणि आमच्याकडे हळदीकुंकवाला येऊन बसला.

आता मुद्द्याचं. दादा पाच-सहा वर्षांचा असताना त्याला वेण्यांचं वेड होतं. शेजारच्या काकू, कामाला येणाऱ्या मावशी, एसटीतल्या अनोळखी बायका, कुणाचीही तेल लावून घट्ट घातलेली वेणी दिसली की हा जाऊन ती गालावरून फिरवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. सगळ्यांना कौतुक. बोलत नाही, कुणाकडे बघत नाही, पण बघा कसा माया करतो! आम्हालाही बरं वाटायचं, कारण तेव्हा कौतुकाचे प्रसंग कमीच होते. त्याच्या विशेष शिक्षिका बाईंनी मात्र एक दिवस हे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, हेच तो पंचविसाव्या वर्षी करेल. तेव्हा चालेल का?"

मी गणिताचा माणूस. एवढं सरळ उदाहरण मला कुणी घातलं नव्हतं. सहा वर्षांच्या मुलानं अनोळखी बाईची वेणी धरली तर तिला हसू येतं, सोळाव्या वर्षी धरली तर चारचौघं अंगावर धावून येतात, पंचविसाव्या वर्षी पोलीस येतात. वेणी तीच, धरण्यामागचं कारणही तेच. तेलकट गुळगुळीत स्पर्शानं त्याचं डोकं शांत होतं. पण दहा वर्षं लाड करून घेतलेली सवय एका वाढदिवसाला बंद करा म्हणून ती होत नाही, आणि ज्या मुलाला नियमाला अपवाद हीच गोष्ट कळत नाही त्याला 'आता तू मोठा झालास' हे वाक्य काहीच सांगत नाही. त्याच्या दृष्टीनं कालपर्यंत जे बरोबर होतं ते आज चूक ठरवणारे आपणच लहरी.

मग आम्ही वेणीला पर्याय शोधला. बायकोनं बाजारातून एक गंगावन आणलं. ते त्याच्या खिशात राहायचं, बेचैन झाला की काढून गालावर फिरवायचा. तीन-चार वर्षं ते छान चाललं. मग पुन्हा बाईंचा प्रश्न उभा राहिला, कारण खिशातून बायकी केस काढणारा मिशीवाला तरुणही लोकांना चालणार नव्हता. त्या गंगावनाची लांबी हळूहळू कमी करत आणली, मग त्याच्या शेजारी किल्लीच्या साखळीला लावलेला रेशमी गोंडा आला, आणि सातवीच्या वयाला गोंडा तेवढा उरला. आज तो गोंडा बोटांत फिरवत बसलेला दिसला तर कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. हे सगळं सांगायला दोन मिनिटं लागली, करायला त्याचं अख्खं बालपण लागलं.

त्या प्रश्नाच्या चाळणीतून मग घरातली एकेक सवय गेली. आल्यागेल्याच्या गळ्यात पडणं बंद करून हात जोडून नमस्कार बसवला. आजीनं तो नियम कधीच मानला नाही, आणि तिला मानायला लावण्याची आमची हिंमत झाली नाही. न्हाणीघरातून तसंच बाहेर येणं बंद करायला आतल्या खुंटीवर कपडे कुठल्या क्रमानं टांगलेत याची चित्रं दाराला आतून चिकटवली. बोललेलं त्याच्या कानावरून जातं, चित्र डोक्यात राहतं.

स्वच्छतागृहाचं काम मात्र माझ्या वाट्याला आलं, आणि ज्यांच्या घरी असा मुलगा नाही त्यांना हे कधी सुचणारही नाही. लहान असताना बायको त्याला बायकांच्या बाजूला न्यायची. नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर आतल्या बायका कुरकुरू लागल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. पुरुषांच्या बाजूला एकटा पाठवला तर तो घरच्यासारखी चड्डी घोट्यापर्यंत उतरवून उभा राहायचा. पोरं हसायची, एखादा मोबाइल काढायचा. फक्त चेन उघडायची, विजार कमरेवरच राहते, शेजारच्याकडे बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, मधली जागा मोकळी असेल तरी कडेची धरायची: पुरुषांना हे नियम कुणी कधी सांगितलेले नसतात, तरी सगळे पाळतात. मला ते एकेक शोधून काढावे लागले. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, सिनेमागृह, हॉटेल अशा ठिकाणी बाप-लेकांनी फक्त याचा सराव केला.

वयात येण्याचं असंच. शरीर वेळेवर वाढतं, ते समजेची वाट बघत नाही. तेराव्या वर्षी जे व्हायचं ते झालं, आणि दिवाणखान्यात, बहिणीसमोर झालं. आमच्याकडे या विषयावर वडिलांनी मुलाशी बोलायची पद्धत नाही; माझे वडील माझ्याशी बोलले नव्हते. पण इथं संकोच परवडणारा नव्हता. बाईंनी सांगितलं, रागावू नका, हात झटकू नका, शरमेनं काही थांबत नाही, फक्त जागा शिकवा. आपली खोली, बंद दार, नंतर हात धुणं, कपडे बदलणं. चार चित्रं. मी ती स्वतः काढली, कारण बाजारात मिळणाऱ्या कार्डांत फळं, भाज्या आणि प्राणीच असतात. स्वमग्न मुलांसाठीचं बहुतेक साहित्य असं आहे, जणू ही मुलं आठ वर्षांची झाली की वाढायची थांबतात.

या सगळ्यात जी गोष्ट सर्वांत अवघड गेली तिचा वर्तणुकीच्या तक्त्यांत उल्लेखही नव्हता. अगदी लहानपणापासून या मुलांना ऐकायला शिकवलं जातं. हात खाली, इकडे बघ, बस, ऊठ, तोंड उघड. ऐकलं की बक्षीस. दहा वर्षं असं शिकलेला मुलगा कुणाचंही ऐकतो, आणि त्याला झालेलं सांगता येत नाही. वाईट हेतूच्या माणसाला आणखी काय हवं? 2012 चा पॉक्सो कायदा मुलांना संरक्षण देतो, पण कायद्यापर्यंत पोचायला मुलाला काहीतरी सांगावं लागतं. म्हणून आम्ही त्याला 'नको' शिकवायला घेतलं. शब्द शिकवणं सोपं होतं. पण त्यानं 'नको' म्हटलं की ते ऐकलंही पाहिजे, नाहीतर त्या शब्दात काही जोर आहे हे त्याला कळणार कसं? नखं कापताना 'नको' आलं, नेलकटर खाली ठेवलं. पाहुण्यांसमोर गाणं म्हण म्हटल्यावर 'नको' आलं, पाहुण्यांना चहा दिला. माझ्या सासूबाई म्हणाल्या, पोराला फार चढवून ठेवलंय. असेल. औषध आणि गाडीरस्ता सोडला तर आमच्या घरात त्याचं 'नको' चालतं.

त्याच्या बोलण्याविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. तो बोलायला लागला तो ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणत, आणि सगळ्यांत जास्त ऐकलेला आवाज आईचा. त्यामुळे कित्येक वर्षं आमचा मुलगा 'मी जेवले', 'मी दमले बाई' असं म्हणत असे. पाणी हवं असेल तर 'तुला पाणी देऊ का?' असं विचारायचा, कारण पाणी मिळण्याआधी हेच वाक्य ऐकू यायचं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली बाल्टिमोरमधून ज्या अकरा मुलांचं वर्णन पहिल्यांदा छापलं, त्यांतही ही 'मी' आणि 'तू'ची अदलाबदल नोंदलेली आहे. फक्त इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसल्यानं 'दमले बाई'चा आनंद त्यांना मिळाला नसणार. आता तो 'मी जेवलो' म्हणतो. ते मी शिकवलं, रोज रात्री त्याच्याबरोबर ताटावर बसून. बायको म्हणते, त्याच्या भाषेतलं तिचं असं तेवढं एकच होतं, तेही मी काढून घेतलं.

वाढत्या वयाबरोबर एक भीतीही वाढते. चार वर्षांचं मूल रस्त्यात आडवं पडून रडलं की लोक 'हट्टी आहे' म्हणतात. साडेपाच फुटांचा मुलगा स्वतःच्या डोक्यावर बुक्क्या मारत ओरडू लागला की लोक विचारतात, "प्यालाय का?" चौदाव्या वर्षी एकदा दोन आठवडे असं चाललं. चावणं, भिंतीवर डोकं आपटणं. पुण्याच्या आमच्या डॉक्टर बाईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो वागण्याचा नव्हता. दात बघितले का? कान? पोट साफ होतंय का? दाढ किडली होती. ज्याला कुठं दुखतंय ते सांगता येत नाही, तो दुसरं काय करणार? तेव्हापासून वागणं बिघडलं की आम्ही आधी डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासतो, मग स्वभाव. त्याच सुमारास पहिली फिटही आली. स्वमग्न मुलांत किशोरवयात फिट येण्याचा धोका वाढतो हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे धीर सुटला नाही. पण तपासणीसाठी डोक्याला चिकट मलम लावून तारा जोडू देणं, हे ज्याला केसांना कंगवा लागलेला सहन होत नाही त्याच्याकडून कसं करून घेतलं ते लिहायला वेगळा लेख लागेल.

सांगलीकरांना महापुराविषयी सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं, आणि आमचं घर गावभागात. आम्ही मिरजेला मावशीकडे गेलो. दादा तेव्हा दहा वर्षांचा. ज्याचं ताट जरा सरकलं तरी जेवण थांबतं, त्याचं अख्खं घर गेलं होतं, आणि ते कधी परत मिळणार हे आम्हालाच माहीत नव्हतं. दोन दिवस तो जेवला नाही, झोपला नाही. मग मावशीच्या यजमानांनी वर्तमानपत्र वाचताना मोठ्यानं पाणीपातळी वाचली आणि हा थबकला. आकडा! मी लगेच कागद घेतला, पुलाचं चित्र काढलं, 40 ला इशारा पातळी, 45 ला धोका पातळी, वर 57. खाली आमचं घर. पाणी इतकं उतरलं की घरी. मग रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा आणि रेघ खाली ओढायची. पहिल्यांदा रेघ खाली आली त्या दिवशी तो वरणभात जेवला.

तेव्हापासून पाणी हा त्याचा विषय. कोयना धरण किती टीएमसीचं, आज त्यात किती, विसर्ग किती क्युसेक, अलमट्टीतून किती सोडलं, हे पावसाळ्यात गल्लीतले लोक त्याला विचारतात. सुरुवातीला थट्टेनं विचारायचे. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं तेव्हा मात्र कुणी थट्टा करत नव्हतं. रात्री अकरालाही बेल वाजायची, "दादाला विचारा, आता किती झालं?" माझ्या मुलाशी शेजारी कामाचं बोलले, याच्याआधी असं घडलेलं मला आठवत नाही.

कायद्याचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण पालकांपैकी फार जणांना ते वेळेवर कळत नाही. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं ती धरली, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांत ती आली. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मापनश्रेणी वापरतात तिच्यात 40 प्रश्न आहेत, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. आयुष्यभर मुलांना जास्त गुण मिळावेत म्हणून झटलेला मी त्या टेबलासमोर बसून एकाच वेळी दोन उलट्या प्रार्थना करत होतो. कमी पडले तर मुलगा बरा, जास्त पडले तर सवलती. नव्या कायद्यानं 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत. जवळच्या शाळेनं त्याला चौथीनंतर 'त्याच्याच भल्यासाठी' निरोप दिला, त्याविषयी शिक्षक म्हणून मला जे वाटतं ते इथं लिहीत नाही. विशेष शाळेत तो रमला. पण अठरानंतर काय, याला कायद्यात सहा ते अठरासारखं नेमकं उत्तर नाही. शाळेची गाडी यायची थांबते. मोठी झालेली अशी मुलं घरात बसलेली मी पाहिली आहेत. सकाळी दहाला आंघोळ करून, केस विंचरून, दाराशी खुर्चीत. आई साठीची.

कॅनर यांच्या त्या अकरा मुलांपैकी पहिल्याचं नाव डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला संस्थेत ठेवलं होतं, वर्षभरानं आईवडिलांनी परत आणलं. पुढे काही वर्षं तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद होता, तर त्यांनी तो मोडला नाही. विहीर खणायला लावून तिची खोली मोजून सांगायला सांगितली, मक्याच्या ओळी मोजायच्या तर नांगर धरून मोज म्हणाले. हा डोनाल्ड पुढे गावच्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी एकटा फिरला आणि 2023 साली 89 व्या वर्षी वारला. त्याच्यावर ज्यांनी लिहिलं त्यांनी गावाचं श्रेय मोकळेपणानं सांगितलं आहे: सगळं गाव त्याला ओळखत होतं आणि त्याच्या विक्षिप्तपणासकट सामावून घेत होतं. मला यात एक बारीक गोष्ट जोडावीशी वाटते. ती बँक त्याच्या आईच्या माहेरची होती. गावानं सामावून घेणं बँकवाल्यांच्या मुलाला थोडं सोपं जातं.

माझ्याकडे बँक नाही. पण सांगलीकडे हळद आहे आणि तासगावचा बेदाणा आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं तासगाव रस्त्याला बेदाणा पॅकिंगचं काम चालतं. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, पाठवा की, बसेल एका बाजूला." मी म्हटलं, बसायला नको, काम दे. निवडायला बायका बसतात तिथं त्याला शेवटची जागा दिली, भिंतीकडे तोंड करून, पंख्याच्या आवाजापासून लांब. हिरवा, पिवळा, काळा वेगळा, देठ काढायचे. डाग पडलेला एक दाणा त्याच्या नजरेतून सुटत नाही. अडचणी आल्याच. घमेलं अर्धं असताना जेवणाची सुट्टी झाली की तो उठत नाही, मग त्याच्यासाठी लहान घमेली आणली. वजनकाटा 500 ग्रॅमऐवजी 502 दाखवू लागला की तो पाकीट पुन्हा पुन्हा उघडतो. मालक हसून म्हणाला, नफ्याचाच कामगार आहे. शेजारच्या मावशींना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मागून हात लावू नका, नावानं हाक मारा, उत्तराला जरा वेळ द्या. त्यांनी आठवड्याभरात मला मागे टाकलं. आता मी आणायला गेलो तर त्याच मला सांगतात, "सर, थांबा जरा, त्याचं घमेलं व्हायचंय."

शनिवारी दोन तास, एवढंच हे काम. महिन्याच्या शेवटी पाकीट मिळतं. पैसे त्याच्या लेखी फारसे नाहीत, पण पाकिटावर आकडा लिहिलेला असतो आणि तो त्यानं वहीत उतरवला आहे, कोयनेच्या पाणीसाठ्याशेजारच्या रकान्यात. मिरजेच्या विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद म्हणून काम बंद होतं, तर तो तयार होऊन दारात उभा राहिला आणि मला वर्षभराच्या सुट्ट्यांचा तक्ता करून द्यावा लागला.

तुमच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल तर दोन कामं आज करा. आत्ता ज्या सवयीचं कौतुक होतंय तिला बाईंचा तो प्रश्न विचारून बघा. आणि मूल अठराचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत हे ध्यानात ठेवा. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, त्याची कागदपत्रं सतराव्या वर्षीच जमवायला घ्या.

आणि तुमचं दुकान, गोडाऊन, कारखाना, छापखाना काहीही असेल, तर मोजणं, निवडणं, भरणं, चिकटवणं यातलं दोन तासांचं एक काम बाजूला काढा आणि जवळच्या विशेष शाळेत जाऊन सांगून या. जागा थोडी शांत द्या, काम एका वेळी एकच सांगा. पगार मात्र इतरांना देता त्याच दरानं द्या.